कुलूप, किल्ली आणि वारस

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाच्या पुस्तकांत महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांचा उल्लेख एखाद्या परिच्छेदात येतो आणि वाचक पुढे सरकतो. सकळ लिपी, सुंदरी लिपी ही नावे आणि राजवाड्यांनी केलेली उकल एवढे टिपून घेतले की परीक्षेपुरते काम भागते. प्रस्तुत लेखात त्या परिच्छेदाकडे एका आजच्या प्रश्नाच्या निमित्ताने परत जायचे आहे. प्रश्न असा: ज्याचे सारे लेखन, टिपणे, पत्रव्यवहार आणि अर्धेमुर्धे खर्डे संगणकात आहेत अशा लेखकाने वा अभ्यासकाने आपली संपूर्ण हार्ड डिस्क कूटबद्ध करावी काय? संगणकाच्या परिभाषेत या क्रियेला एन्क्रिप्शन म्हणतात. प्रश्न वरवर तंत्रज्ञांचा आहे आणि त्याचे उत्तर देताना तंत्रज्ञ सहसा दोन माणसांचा विचार करतात, संगणकाचा मालक आणि चोर. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र तिसऱ्या माणसाचाही विचार करावा लागतो. तो म्हणजे मालकाच्या पश्चात येणारा वाचक. या तिसऱ्या माणसाला हिशेबात धरले की कुलपाचे फायदेतोटे बरेच वेगळे दिसू लागतात, आणि त्यासाठी लागणारा अनुभव संगणकशास्त्रापेक्षा हस्तलिखितांच्या इतिहासात अधिक साठलेला आहे.

१

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, चक्रधरस्वामींच्या पश्चात, म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. स्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांना गाठून त्यांच्या आठवणी मिळवाव्यात, नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घ्याव्यात आणि मग लिहाव्यात, अशी त्यांची रीत होती. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. त्याच्या मूळ प्रतीविषयी पंथाची परंपरा असे सांगते, की चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीकडून आलेल्या फौजांच्या धामधुमीत ती हरपली. पुढे ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा करण्यात आला. त्यांत हिराइसेच्या पाठाला विशेष मान आहे. ‘लीळाचरित्रा’चे जे निरनिराळे पाठ आढळतात त्यांच्या मुळाशी हीच घटना असल्याचे मानले जाते. आजच्या परिभाषेत बोलायचे तर प्रत एकच होती, ती गेली, आणि बॅकअप माणसांच्या डोक्यात होता म्हणून ग्रंथ वाचला.

यानंतरच्या काळात पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहावयास आरंभ केला. त्यांतील सर्वाधिक प्रचारात आलेल्या सकळ लिपीचे श्रेय परंपरेने रवळोबासांना दिले जाते. या लिप्या का आल्या याची कारणे एकाहून अधिक सांगितली जातात. पवित्र वचने अनधिकाऱ्याच्या हाती पडू नयेत ही एक भावना होती; विरोधकांपासून आणि अस्थिर काळापासून ग्रंथ जपण्याची निकड ही दुसरी. कारण कोणतेही असो, एखाददुसरे प्रकरण झाकून ठेवण्यावर पंथ थांबला नाही. बराचसा ग्रंथसंग्रहच त्याने कुलपाआड ठेवला.

याचा लाभ झालाच. किल्ली गुरूकडून शिष्याकडे जात राहिली, मठामठांतून नकला होत राहिल्या, आणि चक्रधरांच्या बोलण्यातली मराठी शतकानुशतके श्रद्धेने जपली गेली. किंमतही तितकीच मोठी होती. बाहेरच्या समाजाला पंथाविषयी जे काही कळे ते ऐकीव असे, आणि ऐकीव गोष्टींत द्वेषाची भर पडायला वेळ लागत नाही. ‘मानभावी’ हा शब्द मराठीत आजही दांभिक, वरून गोड बोलणाऱ्या माणसासाठी वापरला जातो. एका संप्रदायाचे नाव भाषेत शिवीसारखे रुजले, आणि त्या शिवीला उत्तर देऊ शकणारे ग्रंथ त्या काळात मठांच्या पेट्यांत, न वाचता येणाऱ्या लिपीत पडून होते. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिण्याचे पहिले प्रयत्न झाले तेव्हा त्यांत मराठीच्या आद्य गद्याला जागा नव्हती, कारण ते वाचलेच गेले नव्हते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली. वि. ल. भावे यांनी ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या द्वारे या वाङ्मयाची ओळख सामान्य मराठी वाचकाला करून दिली. पुढे ह. ना. नेने, वि. भि. कोलते आदींच्या संपादनांतून ते अभ्यासक्रमात आले आणि मराठीच्या इतिहासाची मांडणी बदलली.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. सकळ लिपी उलगडता आली याचे श्रेय जितके उलगडणाऱ्याच्या प्रतिभेला आहे, तितकेच त्या लिपीच्या घडणीला आहे. एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे अक्षर किंवा चिन्ह, अशी तिची मूळ कल्पना होती. अशा लिपीत भाषा आपला चेहरा पुरता लपवू शकत नाही. विभक्तीचे प्रत्यय वारंवार येतात, क्रियापदांची रूपे ठरावीक जागी येतात, एखादे नाव पानोपानी दिसते. मराठी ज्याच्या रक्तात आहे त्याला या पुनरावृत्तीतून वाट सापडू शकते. म्हणजे हे वाङ्मय आपल्या हाती आले याचे एक कारण असे, की त्याचे कुलूप कच्चे होते.

२

आजचे कुलूप कच्चे नाही. इतिहासातील सारा फरक येथून सुरू होतो.

ऑगुस्त केर्कहॉफ्स हे पॅरिसमध्ये भाषा शिकवणारे गृहस्थ. व्होलाप्युक नावाच्या कृत्रिम जागतिक भाषेच्या प्रसारातही ते अग्रभागी होते. १८८३ मध्ये त्यांनी लष्करी कूटलेखनावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील एक तत्त्व असे, की कूटलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुपित राहावे ते केवळ किल्लीचे. सांकेतिक लिपीची मदार पद्धत लपवण्यावर असते आणि पद्धत कळली की सारे ग्रंथ एकदम उघडतात. केर्कहॉफ्स यांचे तत्त्व याच्या नेमके उलट आहे, आणि आजचे कूटलेखन त्यावरच उभे आहे.

अमेरिकी सरकारने १९७७ मध्ये ‘डेस’ ही पद्धत प्रमाण म्हणून स्वीकारली. तिची किल्ली ५६ बिटांची, म्हणजे शक्य किल्ल्यांची संख्या सुमारे ७२ हजार लाख कोटी. माणसाला हा आकडा अफाट वाटतो, पण १९९८ मध्ये मुद्दाम बांधलेल्या एका यंत्राने एकामागून एक किल्ल्या लावून पाहत ५६ तासांत हे कुलूप उघडले. तोवर नव्या पद्धतीसाठी खुली स्पर्धा जाहीर झालीच होती. तीत योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांची पद्धत निवडली गेली आणि २००१ मध्ये ती ‘एईएस’ या नावाने प्रमाण झाली. तिची सर्वांत लहान किल्ली १२८ बिटांची आहे. शक्य किल्ल्यांची संख्या लिहायला ३९ आकडे लागतात. ही पद्धत कोणालाही वाचता येईल अशी प्रसिद्ध आहे आणि जगभरच्या गणितज्ञांनी ती दोन दशकांहून अधिक काळ तपासली आहे. किल्ल्या एकेक करून लावून पाहणे हा मार्ग येथे व्यवहारात बंद झालेला आहे.

संपूर्ण डिस्क कूटबद्ध करताना हीच पद्धत डिस्कच्या तळाशी बसवली जाते. संगणक सुरू करताना आपण जो परवलीचा शब्द देतो तो एरवी दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्यासारखा असतो. डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की पहारेकरी मागे राहतो आणि आतील मजकूर सरळ वाचता येतो. कूटबद्ध डिस्कवर मात्र प्रत्येक तुकडा लिहिण्यापूर्वी बदलला जातो आणि वाचताना पूर्ववत केला जातो. तुकड्याची जागाही या क्रियेत मिसळलेली असते. त्यामुळे तोच शब्द दोन ठिकाणी लिहिला तरी डिस्कवर त्याची दोन वेगळी रूपे उमटतात, आणि पुनरावृत्तीच्या आधाराने वाट काढणाऱ्याला पकडायला काही उरत नाही. एकेक फाइल कुलपात ठेवली तर तिच्या तात्पुरत्या नकला आणि खोडलेल्या मजकुराचे अवशेष इतरत्र उघडे राहतात. संपूर्ण डिस्कच्या कूटलेखनात तेही झाकले जातात.

आणखी एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. आपला परवलीचा शब्द ही डिस्कची खरी किल्ली नसते. खरी किल्ली यंत्राने यादृच्छिक आकड्यांतून बनवलेली असते. ती डिस्कच्या एका कोपऱ्यात किंवा संगणकातील वेगळ्या चिपच्या साहाय्याने जपून ठेवलेली असते, आणि आपला शब्द फक्त त्या पेटीचे झाकण उघडतो. म्हणून परवलीचा शब्द क्षणात बदलता येतो, सारी डिस्क पुन्हा लिहावी लागत नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा, की तो छोटासा कोपरा बिघडला आणि त्याची नक्कल कोठे नसली, तर परवलीचा शब्द तोंडपाठ असूनही हाती काहीच लागत नाही.

३

असे कुलूप सामान्य माणसाला का हवे, याचे उत्तर २००६ आणि २००७ या दोन वर्षांनी दिले. मे २००६ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या खात्यातील एका कर्मचाऱ्याच्या घरी चोरी झाली आणि लॅपटॉपबरोबर एक बाह्य डिस्कही गेली. तीत सुमारे २ कोटी ६५ लाख माणसांची माहिती कोणत्याही कूटलेखनाविना होती. दोन्ही वस्तू पुढे सापडल्या, पण मधल्या काळात माजी सैनिकांच्या घराघरांत जी धास्ती पसरली तिचे मोल भरून निघण्यासारखे नव्हते. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या महसूल खात्याने टपालाने पाठवलेल्या दोन तबकड्या गहाळ झाल्या. त्यांवर सुमारे अडीच कोटी माणसांची माहिती होती, आणि त्या कधीच सापडल्या नाहीत. तबकड्यांना परवलीचा शब्द होता, कूटलेखन नव्हते. वर सांगितलेला पहारेकरी आणि तिजोरी यांमधला भेद एका राष्ट्राला असा कळला.

त्याच सुमारास हे तंत्र घरगुती संगणकांत येऊ लागले. ॲपलने २००३ मध्ये वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरपुरती सोय दिली आणि २०११ मध्ये ती सबंध डिस्कला लागू केली. मायक्रोसॉफ्टचे ‘बिटलॉकर’ व्हिस्टाबरोबर २००७ मध्ये बाजारात आले. ज्यांचे कर्ते शेवटपर्यंत निनावी राहिले ते ‘ट्रूक्रिप्ट’ २००४ पासून दहा वर्षे लोकप्रिय होते आणि २०१४ च्या मे महिन्यात एका त्रोटक सूचनेनिशी अचानक बंद झाले.

साहित्याच्या जगात काम करणाऱ्याला याचा लाभ कमी नाही. प्राध्यापकाच्या लॅपटॉपवर विद्यार्थ्यांचे गुण, शिफारसपत्रे, अप्रकाशित प्रबंध असतात. चरित्रकाराकडे लोकांनी विश्वासाने दिलेली खाजगी पत्रे असतात. दलित, आदिवासी वा अत्याचारग्रस्त स्त्रियांची कथने ध्वनिमुद्रित करणाऱ्या संशोधकाकडे अशी नावे असतात, जी उघड झाली तर गावात राहणे कठीण व्हावे. लॅपटॉप रेल्वेत विसरला जातो, दुरुस्तीला दिला जातो, जुनी डिस्क भंगारात विकली जाते. खोडलेली फाइल डिस्कवरून बहुधा पुसली गेलेली नसते, केवळ यादीतून तिचे नाव गेलेले असते. कूटबद्ध डिस्क अशा प्रत्येक प्रसंगी मालकाच्याच नव्हे, तर ज्यांनी त्याच्यावर भरवसा ठेवला त्यांच्याही बाजूने उभी राहते. दुसऱ्याचे गुपित सांभाळणाऱ्याला हे कुलूप वापरणे ऐच्छिक मानता येईल असे मला वाटत नाही.

४

मात्र या कुलपाविषयी दोन भ्रम पसरलेले आहेत. पहिला भ्रम असा, की डिस्क कूटबद्ध केली म्हणजे संगणक सुरक्षित झाला. वस्तुतः हे कुलूप संगणक बंद असतानाच लागलेले असते. संगणक चालू असताना किल्ली स्मृतीत उघडी असते आणि जो कार्यक्रम आत शिरतो त्याला सारा विदा मालकाइतकाच स्वच्छ दिसतो. आंतरजालावरून आलेल्या घुसखोर कार्यक्रमापुढे डिस्कचे कूटलेखन निरुपयोगी आहे. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील आणि इतर संशोधकांनी तर असे दाखवले, की वीज बंद केल्यावरही स्मृतीतील मजकूर काही क्षण रेंगाळतो, आणि चिप थंड केली तर त्याहून बराच अधिक काळ. त्या अवधीत किल्ली उचलता येते. कायद्याचे कुलूप तर निराळेच आहे. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार, २००८ च्या दुरुस्तीनंतर, अधिकृत यंत्रणा विदा उलगडून देण्याचा आदेश देऊ शकते आणि सहकार्य नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. गणित अभेद्य असले तरी ज्याच्या डोक्यात किल्ली आहे तो माणूस अभेद्य नसतो.

दुसरा भ्रम अधिक खोल आहे. कुलपाने धोका नाहीसा होतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात धोका एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो. चोरीचा धोका कमी होतो आणि विसरण्याचा वाढतो. २०२१ मध्ये वृत्तपत्रांतून गाजलेली हकीकत पाहावी. सॅन फ्रान्सिस्कोतील एका संगणकतज्ज्ञाने ७,००२ बिटकॉइनांची किल्ली एका कूटबद्ध उपकरणात ठेवली आणि त्याच्या परवलीच्या शब्दाचे टिपण हरवले. उपकरण दहा चुकीचे शब्द सहन करते आणि नंतर आतील मजकूर कायमचा बंद होतो. आठ प्रयत्न संपले होते. हा मनुष्य अडाणी नव्हता, त्याचा व्यवसायच संगणकाचा होता.

आता तर अनेकांना आपली डिस्क कूटबद्ध आहे याची कल्पनाही नसते. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टचे खाते जोडून नव्याने सुरू केलेल्या बहुतेक संगणकांवर हे कुलूप आपोआप लागते. त्याची ४८ अंकी आपत्कालीन किल्ली त्या खात्यात जमा असते. घरातील कर्ता माणूस जातो, संगणकात काही बिघाड होऊन तो बदलावा लागतो, आणि पडद्यावर ४८ अंकांची मागणी येते. खात्याचा परवलीचा शब्द कुटुंबात कोणालाच ठाऊक नसतो. येथे चोर कोठेच नाही, तरी घर लुटले गेलेले आहे.

पोथी मरते ती हळूहळू. कसर लागते, कडा झिजतात, चार पाने गळतात, आणि तरीही उरलेल्या पानांवरून संपादक पाठ सिद्ध करतो. मोडी ही कूटलिपी नव्हती. तरी वाचणारे कमी झाले तशी पेशवे दफ्तरातील कागदपत्रे बहुसंख्यांना बंदच झाली. पण ती बंद आहेत ती शिकून उघडता येण्याजोगी. किल्ली हरवलेल्या डिस्कला अशी अर्धवट अवस्था नसते. ती आज संपूर्ण वाचता येते आणि उद्या एक अक्षरही वाचता येत नाही.

५

इंग्रजी वाङ्मयात सॅम्युएल पीप्सची रोजनिशी प्रसिद्ध आहे. १ जानेवारी १६६० ते ३१ मे १६६९ एवढ्या काळातील लंडन, तेथील प्लेग, आग, दरबार आणि लेखकाची स्वतःची चोरटी प्रकरणे तीत आहेत. ती त्याने टॉमस शेल्टनच्या लघुलिपीत लिहिली. १७०३ मध्ये तो वारला आणि त्याच्या इच्छेनुसार सुमारे तीन हजार ग्रंथांचा संग्रह पुढे केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयाकडे गेला. रोजनिशीचे सहा खंड त्यात होते. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या विद्यार्थ्याला ते उलगडण्याचे काम मिळाले. तो तीन वर्षे राबला आणि १८२५ मध्ये रोजनिशी प्रथम छापली गेली. स्मिथला ठाऊक नव्हते ते हे, की त्या लघुलिपीचे पाठ्यपुस्तक त्याच ग्रंथालयाच्या फडताळात होते. पीप्सने कुलूप लावले होते आणि किल्ली त्याच घरात ठेवली होती. हयातीत बायकोपासून आणि चाकरांपासून लपवावे, आणि मागाहून येणाऱ्याने शोधले तर त्याला सापडावे, असा त्याचा हेतू असावा असे मानायला जागा आहे.

यॉर्कशरमधील ॲन लिस्टर (१७९१–१८४०) हिच्या रोजनिश्यांची गोष्ट अधिक कठीण आहे. सुमारे पन्नास लाख शब्दांच्या या लेखनाचा अंदाजे सहावा हिस्सा तिने स्वतः रचलेल्या कूटलिपीत लिहिला. स्त्रियांवरचे तिचे प्रेम, तिचे शरीरसंबंध त्यात होते. त्या काळात हे उघड झाले असते तर तिची काय गत झाली असती हे सांगायला नको. १८९० च्या दशकात तिच्याच घराण्यातील जॉन लिस्टर आणि त्याचा मित्र आर्थर बरेल यांनी लिपी उलगडली. आतील मजकूर वाचून बरेलने सल्ला दिला, की सारे जाळून टाकावे. जॉनने जाळले नाही. त्याने त्या वह्या शिब्डेन हॉलच्या भिंतीतील फळ्यांमागे दडवल्या. १९८८ मध्ये हेलेना व्हिटब्रेड यांनी त्यांतील निवडक भाग प्रसिद्ध केला. २०११ मध्ये युनेस्कोच्या ब्रिटनपुरत्या स्मृतिसूचीत या रोजनिश्यांची नोंद झाली.

आणि काफ्का. त्याने माक्स ब्रोडला लेखी विनवले होते, की माझे अप्रकाशित लेखन न वाचता जाळावे. १९२४ मध्ये तो गेला. ब्रोडने आज्ञा मोडली आणि १९२५ ते १९२७ या तीन वर्षांत तिन्ही कादंबऱ्या छापल्या.

या तिघांच्या कथांत एक समान माणूस आहे. स्मिथ, जॉन लिस्टर आणि ब्रोड. लेखकाच्या पश्चात येऊन, कष्टाने किंवा आज्ञाभंगाने, बंद मजकूर उघडणारा हा वारस. आपल्याकडील राजवाडे त्याच रांगेतले. वाङ्मयाच्या इतिहासातील कितीतरी पाने या वारसांनी मिळवून दिली आहेत. त्यांनी योग्य केले का, हा नीतीचा प्रश्न खुला आहे; ब्रोडविषयीचा वाद शंभर वर्षांनीही मिटलेला नाही. पण त्या प्रश्नाला अर्थ होता, कारण वारसापुढे दोन वाटा होत्या. तो जाळू शकत होता किंवा वाचू शकत होता. कूटबद्ध डिस्कपुढे बसलेल्या ब्रोडला मोडण्यासाठी आज्ञाच उरत नाही. मैत्री, विद्वत्ता, चिकाटी, पश्चात्ताप यांपैकी कशाचाही तेथे उपयोग नाही. मृत लेखकाचा शेवटचा शब्द, मग तो विचारपूर्वक उच्चारलेला असो की केवळ निष्काळजीपणाने राहून गेलेला असो, आपोआप अमलात येतो.

विचारपूर्वक उच्चारलेल्या शब्दाचा मान राखलाच पाहिजे. टेरी प्रॅचेट या इंग्रजी कादंबरीकाराची इच्छा होती, की आपले अपुरे लेखन कोणी पुरे करू नये. २०१५ मध्ये तो गेला आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याची हार्ड डिस्क एका जुन्या वाफेच्या रोडरोलरखाली चिरडण्यात आली. या कृतीत शोक आहे, पण संभ्रम नाही. लेखकाने ठरवले आणि विश्वासू माणसाने ते पार पाडले. किल्ली विसरलेली डिस्कही परिणामात याच रोडरोलरखालून गेलेली असते. फरक एवढाच, की तसे कोणी ठरवलेले नसते.

६

मग निर्णय काय? माझ्या मते डिस्क कूटबद्ध करावी. विशेषतः जिच्यावर इतरांची गुपिते आहेत ती करावीच. जिवंत माणसांचा हक्क भावी वाचकाच्या कुतूहलापेक्षा मोठा आहे. लिस्टरने कूटलिपी वापरली नसती तर कदाचित तिने ते लिहिलेच नसते. कुलूप आहे म्हणून माणूस निर्धास्तपणे लिहितो, हा कुलपाचा वाङ्मयीन लाभ विसरता कामा नये.

परंतु कुलूप लावण्याच्या दिवशीच किल्लीची व्यवस्था झाली पाहिजे. जुन्या लेखकांना ही व्यवस्था करावी लागत नसे, कारण त्यांची कुलपे काळाच्या ओघात कोणीतरी उघडणारच होते. आजच्या लेखकाला ती स्वतः करावी लागते. आपत्कालीन किल्ली कागदावर लिहून संगणकापासून दूर ठेवावी. डिस्कची नक्कल वेगळ्या जागी असावी, कारण कूटलेखन चोरीपासून वाचवते, आगीपासून वा यंत्राच्या बिघाडापासून नाही. जे प्रकाशित व्हावे असे वाटते ते आणि जे आपल्याबरोबर जावे असे वाटते ते, यांचे दोन वेगळे कप्पे करावेत आणि दोन्हींविषयीची इच्छा मृत्युपत्रात स्पष्ट लिहावी. किल्ली कोणाच्या हाती द्यायची हा प्रश्न तंत्राचा नाही. महानुभावांकडे त्यासाठी गुरुशिष्यपरंपरा होती, पीप्सकडे ग्रंथालय होते. आपल्याकडे काय आहे, हे प्रत्येकाने पाहावे.

संस्थांनीही पाहावे. अटलांटाच्या एमरी विद्यापीठाने २००६ मध्ये सलमान रश्दी यांचा संग्रह मिळवला, तेव्हा त्यात कागदांबरोबर त्यांचे जुने मॅकिन्टॉश संगणकही होते. २०१० मध्ये त्यांतील एका संगणकाचे वातावरण जसेच्या तसे पडद्यावर उभे करून ते अभ्यासकांना खुले करण्यात आले. हे शक्य झाले, कारण लेखक हयात होता आणि त्याची संमती होती. मराठी लेखकांचे कागद जतन करण्याची आपली परंपरा कागदांच्या बाबतीतच अपुरी आहे. पण एखाद्या लेखकाच्या पश्चात त्याच्या घरून गाठोडे आणले तर त्यात निदान काहीतरी वाचता येते. ज्यांनी आपले सारे आयुष्य पडद्यावर लिहिले अशा मराठी लेखकांची पिढी आता उतारवयाकडे झुकते आहे. त्यांच्या घरून उद्या लॅपटॉप येतील. त्यांना भेटायला जाण्याची वेळ आज आहे, आणि भेटीत विचारायचा प्रश्न अवघड असला तरी साधा आहे: किल्ली कोणाकडे आहे?